लाईट गेली की पिल्लांचा ढीग होतो : रात्र कशी निभवायची

तक्रार नेहमीचीच आहे. कोंबडीची शंभर एकदिवसीय पिल्लं आणलेली असतात. गिरिराज, वनराज, कडकनाथ, कुठल्याही जातीची. बल्बाखाली छान पसरून चरत असतात. मध्यरात्री लाईट जाते आणि पहाटे येते. सकाळी शेडमध्ये जावं तर एका कोपऱ्यात ढीग. वरची पिल्लं हलताहेत, खालची चपटी, ओली आणि गार. मेलेली उचलून टाकली, उरलेल्यांना बल्ब लावून दिला, तरी पुढचे तीन-चार दिवस रोज काही ना काही मरत राहतात. मग कुणीतरी सांगतं, मर लागली, औषध आणा. औषध होतं, लॉट संपतो, आणि पुढच्या लॉटला पुन्हा तेच.

ज्यांच्याकडे हे दर खेपेला होतं त्यांच्यासाठी लिहितोय. शेकड्यातली पिल्लं सांभाळणारे, घरामागे किंवा शेतात एखादी शेड असलेले आपण लोक. हजारोंचा धंदा असलेल्यांकडे जनरेटर असतो, त्यांचे प्रश्न वेगळे.

हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातून, पिल्लं कशी येतात ते आधी आठवा. पुठ्ठ्याचं खोकं, आत चार कप्पे, एकेका कप्प्यात पंचवीस पिल्लं, बाजूंना भोकं. हे खोकं टेम्पोत रात्रभर प्रवास करतं. आत ना बल्ब, ना शेगडी. तरी सकाळी झाकण उघडलं की पिल्लं टुणटुणीत असतात, कारण पंचवीस जिवांच्या अंगची ऊब तेवढ्याशा जागेत कोंडून राहिलेली असते. तीच पिल्लं दहा बाय दहाच्या शेडमध्ये मोकळी असताना बल्ब विझला, की ऊब सरळ वर पत्र्याला जाते आणि खाली फरशीत मुरते. म्हणून लाईट गेल्यावर पहिलं काम शेगडी शोधण्याचं नाही. पहिलं काम जागा लहान करण्याचं. पिल्लांच्या अंगात जी ऊब आहे ती बाहेर जाऊ दिली नाही, तर बाहेरून फार थोडी द्यावी लागते.

पिल्लाला किती ऊब लागते

मोठ्या कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास असतं आणि वर पिसांचं पांघरूण असतं. पिल्लाच्या अंगावर नुसती लव. पहिले दहा-पंधरा दिवस त्याला स्वतःचं तापमान टिकवता येत नाही. भोवतालची हवा गार झाली की तेही गार होत जातं. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी केले तरी चालतं. निफाडकडे थंडीत पारा ५-६ अंशांवर उतरतो. अशा रात्री बल्ब विझला तर पिल्लू आणि हवा यांच्यात तीसेक अंशांचा फरक पडतो. उलट मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे रात्रीसुद्धा हवा तापलेलीच असते. तिथे पिल्लं खोक्यात कोंबून गोधडी टाकली तर उबेनंच मरतील. पुढचं सगळं वाचताना आपलं गाव आणि महिना डोक्यात ठेवा.

थर्मामीटर असावाच, पण पिल्लांकडे पाहून जास्त लवकर कळतं. बल्बाखाली गर्दी करून कर्कश चिवचिवाट चालला असेल तर थंडी आहे. पंख सोडून, चोच उघडी ठेवून कडेला पळाली असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर विरुद्ध बाजूनं वाऱ्याची झुळूक येतेय. अंधारात काहीच दिसत नसेल तर एक पिल्लू उचला आणि त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय कोमट लागले तर वेळ आहे. गार लागले तर त्या पिल्लाला थंडी बसलेली आहे आणि बाकीच्यांचीही तीच गत असणार.

लाईट गेल्या गेल्या

ढीग थंडीनं होतो तसा अंधारानंही होतो, आणि हे फार जण विसरतात. चोवीस तास बल्बाखाली वाढलेल्या पिल्लांना अंधार माहीतच नसतो. एकदम काळोख झाला की ती घाबरून एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. हवा गरम असतानाही. त्यामुळे आधी थोडा उजेड करा. लाईट गेल्यावर आपोआप लागणारे चार्जिंगचे एलईडी बल्ब मिळतात, त्यातला एक शेडमध्ये कायम लावून ठेवा. ऊब त्यातून मिळणार नाही, पण उजेड जाणार नाही आणि तुम्ही पोचेपर्यंत पिल्लं पांगलेली राहतील.

मग चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं गोल कुंपण, आवळा. शंभर पिल्लांना एरवी चार-पाच फूट व्यासाचं गोल लागतं, ते तीन फुटांवर आणा. गोलच ठेवा, चौकोनी केलं की कोपरे आले, आणि ढीग नेहमी कोपऱ्यात होतो. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गार्ड दीड फूट उंच असलं की जमिनीलगतचा वारा अडतो. त्यावर जुनी साडी किंवा गोणपाट टाका, पण पाव भाग उघडा राहू द्या. पिल्लांच्या श्वासाची वाफ आणि लिटरमधला, म्हणजे खाली अंथरलेल्या तूस-भुशातला, वास बाहेर जायला वाट हवी. रात्री पत्रा गार पडून आतून दव धरतो आणि थेंब थेंब गळतो. साडीचं छत ते पाणीही अडवतं. भिजलेलं पिल्लू कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर गार होतं, म्हणून आवळलेल्या गार्डमधून पाण्याची भांडी बाहेर काढा. अंधारात ती सांडतातच. दर तीन-चार तासांनी उजेड धरून कोमट पाणी पाजा आणि भांडं परत उचला.

खालची बाजू विसरू नका. शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा पिल्लांच्या पोटातली ऊब ओढून घेतो. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा एरवी दोन इंच पुरतो, थंडीत तीन-चार इंच करा. कोरड्या भुशाचं एखादं पोतं शेडमध्येच बाजूला ठेवलेलं असावं. रात्री घाईत बाहेरच्या ओल्या ढिगातला भुसा आणून टाकला, तर त्यातली बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाते आणि काही दिवसांनी ती चोच वासून श्वास घ्यायला लागतात. तेव्हा त्या रात्रीचा भुसा कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पिल्लं पन्नासच्या आत असतील तर गार्डच्या भानगडीत पडू नका, सरळ खोक्यात भरा. हॅचरीचं खोकं जपून ठेवलं असेल तर उत्तम. थर्माकोलचं खोकं ऊब फार छान धरतं, पण पिल्लं थर्माकोल टोचून खातात, म्हणून आतून पुठ्ठा लावा आणि बाजूंना भोकं पाडा. खोकं फरशीवर न ठेवता बाजेवर किंवा फळीवर ठेवा आणि घरात आणा. भिंतींच्या आत, माणसांच्या जवळ, शेडपेक्षा पाच-सात अंश जास्तच असतात.

आणखी एक जुनी सोय आहे, ती मला सगळ्यात आवडते. डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली, पालथं घालून त्याला आतून गोधडीच्या किंवा लोकरीच्या चिंध्या टांगायच्या, इतक्या खाली की पिल्लाच्या पाठीला टेकतील. डालग्याच्या कडेला आत-बाहेर करायला दोन-तीन वाटा ठेवायच्या. पिल्लं आपण होऊन त्या चिंध्यांत शिरतात आणि कोंबडीच्या पोटाखाली बसावं तशी बसतात. उकडलं की बाहेर येतात. विजेशिवाय चालणारं हे ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी जागा, दोन-चार दिवस आधीच आत ठेवावं म्हणजे पिल्लांना त्याची सवय होते; लाईट गेल्यावर नवीन वस्तू आत ढकलली तर ती तिला बिचकतात.

आणि घरात खुडूक कोंबडी बसलेली असेल तर तिच्यासारखं काहीच नाही. रात्री अंधारात एक-दोन दिवसांची पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सरकवली तर बहुतेक वेळा ती घेते. दहा-बारा पिल्लं सहज झाकली जातात. पिल्लं आठवड्याची झाली की मात्र ती कोंबडीला आई मानत नाहीत आणि कोंबडीही टोचते.

गरम पाण्याचा हिशोब

एवढं करूनही थंडी जास्त असेल तर बाहेरून ऊब द्यावी लागते. गरम पाण्याच्या बाटल्या सगळेच सांगतात. त्यांचा हिशोब करून बघा. एक लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ वर उतरताना साधारण २९ वॅट-तास ऊब देतं. म्हणजे ६० वॅटचा बल्ब अर्धा तास. दोन बाटल्या ठेवून झोपायला जाणाऱ्याची पिल्लं पहाटे गार का सापडतात, ते यातच आलं. उकळतं पाणी भरावं तर प्लास्टिकची बाटली आकसून गळायला लागते.

त्यापेक्षा हंडा घ्या. १५ लिटरचा हंडा तेवढाच उतरताना जवळपास ४३५ वॅट-तास देतो, म्हणजे १०० वॅटचा बल्ब चार तासांवर चालल्यासारखं. गावाकडे घरात बंब असेल तर गरम पाणी एरवीही रात्री शिल्लक असतं, नाहीतर चूल आहेच. हंडा गार्डच्या मधोमध चुंबळीवर नीट बसवा, कारण पंधरा किलोचं भांडं कलंडलं तर थंडीपेक्षा जास्त नुकसान करेल. तोंडावर घट्ट झाकण ठेवा आणि सगळीकडून गोणपाटाचे दोन वेढे द्या. गोणपाटाला मनगट टेकवून दहापर्यंत आरामात मोजता आलं पाहिजे. चटका बसत असेल तर आणखी एक वेढा. पिल्लं हंड्याभोवती कडं करून बसली की समजा जमलं.

चुलीत विटा तापवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची पद्धतही आहे. मी ती सुचवत नाही. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, वीट कितीही तापते, आणि खाली कोरडं तूस असतं.

शेगडी : सांभाळून

कोळशाची शेगडी किंवा बुखारी अजून पुष्कळ शेडमध्ये लागते आणि थंडीच्या लांबलचक रात्री ती लागणारच. तिचं एक नीट समजून घ्या. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा बाहेर अंगणात पेटवून लालभडक झाल्यावर, धूर संपल्यावर आत न्यायचा हे बरोबरच आहे, पण धूर संपला म्हणजे वायू संपला असं होत नाही. ऊब जाऊ नये म्हणून चारही पडदे जमिनीपासून पत्र्यापर्यंत बांधून आत शेगडी ठेवणं म्हणजे पिल्लांना मारण्याचीच तयारी. पडदे खालून वर बांधा आणि वर पत्र्यालगत फूटभर जागा सगळीकडे मोकळी सोडा. शेगडीभोवती जाळी लावा, खाली विटा मांडा, भुसा हातभर लांब सारा.

सकाळी मेलेली पिल्लं कशी पडली आहेत ते बघा. एका कोपऱ्यात, एकावर एक असतील तर थंडी किंवा अंधार. शेगडीच्या आसपास सुटी-सुटी, पाय पसरून पडली असतील तर पहिला संशय वायूवर घ्या.

आणि पिल्लांची राखण करायला म्हणून शेगडी असलेल्या बंद शेडमध्ये कुणीही झोपू नका. पिल्लं खोक्यात घालून घरात आणली असतील तर त्या खोलीतही शेगडी नको, कितीही थंडी असो. माणूस झोपेतच जातो.

कंदिलाचं विचारतात. रॉकेल आता सहज मिळत नाही, आणि तुसावर टांगलेला कंदील पडला तर विझवायला पाच मिनिटंही मिळत नाहीत. उजेडाला चार्जिंगचा बल्ब आणि उबेला हंडा, हे माझं मत.

इन्व्हर्टर किती वेळ

पिल्लामागे २ वॅट असा साधा हिशोब आहे, म्हणजे शंभर पिल्लांना २०० वॅट. घरगुती इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असते. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि थोडं इन्व्हर्टर स्वतः खातो, तेव्हा हाती बाराशेच्या आसपास येतात. २०० वॅट सहा तास चालतील. पण गार्ड आवळून वर साडी टाकली असेल तर १०० वॅटमध्ये भागतं आणि तीच बॅटरी बारा तास पुरते. जागा लहान करण्याची किंमत इथे रोख दिसते.

दोन गोष्टी सांभाळा. बल्ब साधा, पिवळा, तारेचाच हवा. ९ वॅटच्या एलईडीतून ९ वॅटपेक्षा जास्त ऊब निघूच शकत नाही, उजेड कितीही पडो. आणि २०० वॅटचा एकच बल्ब लावण्यापेक्षा ६०-६०चे तीन लावा. लाईट परत येताना व्होल्टेज चढतं आणि बल्ब उडतो. एकच असेल तर लाईट आलेली असूनही पिल्लं सकाळपर्यंत थंडीत राहतात.

शेतातल्या शेडची अडचण वेगळी असते. तिथे थ्री फेज ठरावीक तासच, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. लाईट जाणार हे आधीच माहीत असतं, म्हणून तिथे पहिले दोन आठवडे पिल्लं शेतात ठेवूच नयेत असं मला वाटतं. घराजवळ वाढवा, पिसं फुटली की शेतात न्या.

वादळानं जाणारी वीज ही आणखी वेगळी गोष्ट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. तिथे बॅटरीचा हिशोब कामाचा नाही. पण जूनमध्ये कोकणात थंडी नसते, ओल असते. तेव्हा पिल्लं कोरडी ठेवणं हेच खरं काम : उंचावर खोकं, कोरडं तूस, रोज वरचा थर बदलणं, आणि रात्री एक हंडा.

गारठलेलं पिल्लू आणि पुढचे चार दिवस

ढिगातली निपचित पिल्लं मेली समजून लगेच टाकू नका. हातात घेऊन चोचीत किंवा पायात थोडी जरी हालचाल जाणवली तरी कोरड्या फडक्यानं पुसून खोक्यात, गुंडाळलेल्या कोमट बाटलीजवळ ठेवा. ऊब हळूहळू द्या. चुलीपुढे धरू नका. आणि पिल्लू उभं राहीपर्यंत त्याच्या चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. उभं राहिलं की चोच कोमट गूळपाण्यात बुडवा, मग स्वतः पिईल. गूळपाणी तेवढ्यापुरतंच, पुढे साधं कोमट पाणी.

आता त्या रोजच्या मरीबद्दल. अंड्यातला उरलेला बलक पिल्लाच्या पोटात असतो आणि पहिले दोन-तीन दिवस ते त्यावर जगतं. थंडी बसली की तो नीट जिरत नाही, पिल्लू खायला-प्यायला उठत नाही, बुडाला विष्ठा चिकटून वाट बंद होते. म्हणून एका रात्रीच्या थंडीची पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतात आणि दोष रोगाला जातो. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचं बूड बघा. चिकटलं असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं मऊ करून पुसा, ओढू नका, खालची कातडी फाटते. झोपण्यापूर्वी गळ्याखालची पिशवी चाचपा. रिकामी लागणारी पिल्लं वेगळी काढून त्यांना बल्बाजवळ चारा-पाणी द्या.

थंडीची मर पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत ओसरते. ओसरायच्या ऐवजी वाढत गेली, पांढरी चिकट हगवण सगळ्यांत दिसू लागली किंवा त्या रात्री उबेत असलेली पिल्लंही मरू लागली, तर ताजी मेलेली दोन-तीन पिल्लं घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि शवविच्छेदन करून घ्या. हगवण पांढरी आहे एवढ्यावरून दुकानातून अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकू नका. रोग ओळखल्याशिवाय दिलेलं औषध थंडीच्या मरीवर चालत नाही, आणि खरोखर रोग असेल तर त्याची तपासणी अवघड करून ठेवतं.

पुढच्या लॉटला

पहिल्या दिवसापासून रोज रात्री अर्धा ते एक तास बल्ब बंद करा. त्या वेळी तुम्ही समोर हवेत आणि शेड ऊबदार हवी. पिल्लं आधी चिवचिवतील, मग जागच्या जागी बसतील. मोठ्या ब्रॉयलर फार्मवर तेवीस तास उजेड आणि एक तास अंधार ठेवतात तो याच्यासाठीच : लाईट गेली तर पिल्लांनी घाबरून ढीग करू नये. यात पैशाचं काम नाही, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त पिल्लं याच एका सवयीनं वाचतात.

लॉटची तारीख आपल्या हातात असेल तर डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी टाळा, किंवा निदान पहिले दहा दिवस घरात काढता येतील अशी तयारी करून मगच पिल्लं उचला. सरकारी योजनेतला शंभर पिल्लांचा गट आपल्या सोयीनं येत नाही, तो ज्या दिवशी येईल त्या दिवशी घ्यावा लागतो. तेव्हा हंडा, चुंबळ, गोणपाट, कोरड्या भुशाचं पोतं, चार्जिंगचा बल्ब आणि रिकामी खोकी अर्ज मंजूर झाल्यापासूनच एका जागी ठेवा. रात्री टॉर्च तोंडात धरून हे शोधण्यातच पहिला अर्धा तास जातो, आणि ढीग त्याच अर्ध्या तासात होतो.

चार-पाच आठवड्यांनी पाठीवर आणि छातीवर पिसं भरली, की रात्री २० अंशांच्या आसपास पिल्लं बल्बाशिवाय राहतात. त्याहून गार रात्र असेल तर तेव्हाही पडदे आणि जाड लिटर लागतंच. बल्ब काढायचा की नाही हे ठरवताना पिल्लू उलटं करून छातीही बघा.